काटा काढण्यापूर्वी

मराठी शिकवण्यात ज्याची वीस-बावीस वर्षे गेली, त्याला शब्दांच्या मागे लागण्याची खोड जडते, हे या सदराच्या वाचकांना आता नव्याने सांगायला नको. दर आठवड्याला जागा मोजकी असते, म्हणून ती खोड आवरती घ्यावी लागते. दिवाळी अंकात संपादक पाने सढळ हाताने देतात. तेव्हा आज एका शब्दाला जरा ऐसपैस बसवावे म्हणतो. शब्द अगदी साधा आहे : काटा.

काटा बाभळीचा असतो, माशाचा असतो, घड्याळाचा असतो. आमच्या वऱ्हाडात त्याला आणखी एक अर्थ आहे आणि तो चांगलाच वजनदार आहे. कापसाची गाडी बाजारात आली की ती 'काट्यावर' जाते. अकोल्याच्या काय किंवा अमरावतीच्या काय, बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला 'काटा झाला का?' असे विचारले, तर त्याच्या पायाकडे पाहू नये. वजन झाले का, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. आणि कोणी 'काटा मारला' म्हणजे वर्षभराच्या घामातले काही शेर कोणाच्या तरी खिशात गेले. त्यामुळे काट्याकडे थोडे डोळे बारीक करून पाहायला वऱ्हाडी माणूस लहानपणीच शिकतो. शिवाय 'काटा काढणे' हा वाक्प्रचार आहेच. नको असलेल्या माणसाला वाटेतून कायमचे दूर करायचे, हे आपली भाषा किती सोज्वळपणे सांगते पाहा!

आज लिहायचे आहे ते जुन्या मोटारगाडीच्या डॅशबोर्डावरच्या काट्यांविषयी. पेट्रोलचा, पाण्याच्या उष्णतेचा, तेलाच्या दाबाचा, वेगाचा, असे हे चार-पाच काटे. त्यांच्या वाट्याला हे दोन्ही वाक्प्रचार येतात. काटा चुकीचे दाखवू लागला की मालक म्हणतो, हा काटा मारतो. आणि मग तो त्याचा काटा काढतो. माझे मागणे इतकेच, की काढण्यापूर्वी त्या बिचाऱ्याची चौकशी तरी व्हावी. कारण पुष्कळदा काटा निर्दोष असतो. दोष भलतीकडेच असतो.

'आता जुन्या मोटारी आहेत कोणाकडे?' असे आपण विचाराल. आहेत, वाचकहो, आपल्याला वाटतात त्याहून जास्त आहेत. वाड्याच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली, शेतातल्या गोठ्याशेजारी, डॉक्टरांच्या बंद पडलेल्या दवाखान्याच्या आवारात त्या उभ्या असतात. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. त्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि मराठी मध्यमवर्गाला घरची मोटार म्हणजे काय हे कळले. तिच्या पहिल्या गोलमटोल अवताराला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले, ते रागाने नव्हे, लाडाने. पुढे सत्तरच्या दशकात फियाट हे नाव गेले आणि १९७४ पासून तिची 'पद्मिनी' झाली. चाळीसएक वर्षे संसार करून ती शतकाच्या अखेरीस थांबली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी एखादे वडीलधारे माणूस गेल्यासारखे लिहिले. आमच्याकडे फियाटच्या जोडीला जीप. युद्धातून उरलेल्या जीपा आणि नंतर महिंद्रांच्या जीपा काळ्या मातीच्या पांदणीतून बैलगाडीच्या बरोबरीने चालल्या. आता तर पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या केंद्रीय नियमांनी वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांची पाटीही मिळू शकते. मात्र ती पाटी लावली की गाडी रोजच्या कामाला काढायची नाही. प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशा निमित्तानेच तिला घराबाहेर पडायचे. म्हणजे पेन्शनीत निघालेल्या आजोबांना सत्कारापुरते व्यासपीठावर न्यावे, तसे.

या आजोबांचे दुखणे बहुधा कोठून सुरू होते? इंजिन दणकट असते, पत्रा जाड असतो. आधी जातात ते काटे. आणि येथेच नव्या गॅरेजातला तरुण कारागीर म्हणतो, 'सगळं काढून टाकू, नवीन डिजिटल मीटर बसवून देतो, आकडे लाल लाल चमकतील.' आजोबांचा चष्मा पुसायचा सोडून डोळेच बदलण्याचा हा बेत! तो अमलात येण्याआधी हे काटे बोलतात कसे, ते समजून घेणे बरे.

पेट्रोलच्या काट्याचे उदाहरण घ्या. टाकीत एक लहानसा पोकळ डबा तरंगत असतो. तो एका दांडीला जोडलेला असतो. पेट्रोल चढले की डबा वर, उतरले की खाली. दांडीच्या दुसऱ्या टोकाला बारीक तारेचे वेटोळे असते आणि त्याच्यावरून एक पत्रा सरकतो. त्यामुळे विजेच्या वाटेतला अडथळा कमीजास्त होतो. तितकी कमीजास्त वीज पुढे डॅशबोर्डात पोचते आणि काटा तितका वळतो. म्हणजे काटा टाकी पाहत नाही. टाकीतून आलेला निरोप तेवढा वाचतो. निरोप्या वाटेत अडला, तर वाचणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग?

अकोल्यात आमचे थोरले चुलतभाऊ राहतात. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. काकांनी १९६८ साली घेतलेली फियाट त्यांच्याकडे आहे. त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यामुळे ती दारात आली तेव्हा तिची दृष्ट काढली होती, असे वहिनी सांगतात. या गाडीचा पेट्रोलचा काटा गेली कित्येक वर्षे 'रिकामी'वर डोके टेकून झोपला होता. अण्णांनी त्यावर तोड काढली : डिकीत पेट्रोलचा पाच लिटरचा प्लॅस्टिकचा डबा ठेवायचा. गाडी थांबली की डबा ओतायचा. वहिनींना तो डबा पसंत नव्हता. आणि का असावा? वैशाखात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या बंद डिकीत पेट्रोलचा डबा ठेवणे म्हणजे घरात सुतळी बॉम्ब ठेवून दिवाळीची वाट पाहणे. 'डबा गाडीत असेल तर नातवंडं गाडीत बसणार नाहीत,' असे वहिनींनी एक दिवस स्वच्छ सांगून टाकले. तेव्हा अण्णा उठले. एका ठिकाणी त्यांना डॅशबोर्डातली सारी यंत्रे बदलण्याचा सल्ला मिळाला. सुदैवाने जुन्या शहरातले एक मिस्त्री अजून हातात पाना धरतात. सत्तरी उलटलेली; काकांच्या वेळेपासून गाडी त्यांच्या ओळखीची.

मिस्त्रींनी काट्याला हातही लावला नाही. टाकीची झाकणे घट्ट बंद असल्याची खात्री केली, जवळ कोणाला विडी ओढू दिली नाही, आणि टाकीवरच्या यंत्राला जोडलेली तार सोडवून लांब ओढून घेतली. अण्णांना किल्ली फिरवायला सांगितली आणि तारेचे टोक क्षणभर गाडीच्या उघड्या लोखंडाला टेकवले. वर्षानुवर्षे झोपलेला काटा उठला आणि थेट 'भरली'कडे धावला!

'अण्णा, काटा तं बराबर हाय,' मिस्त्री म्हणाले, 'त्याले खबरच भेटत नाई, थो बिचारा काय सांगनार?'

एवढ्या एका कृतीने निम्मी गाडी निर्दोष सुटली. काटा चांगला, तिथपर्यंतची तार चांगली. म्हणजे खोट टाकीपाशी. बहुतेक युरोपीय घडणीच्या गाड्यांत तार लोखंडाला टेकवली की काटा 'भरली'कडे जातो, काही गाड्यांत उलट 'रिकामी'कडे. पण तो एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे, ही खूण सगळीकडे सारखी.

मग मिस्त्रींनी हातभर तारेचा तुकडा घेतला. त्याचे एक टोक टाकीवरच्या यंत्राच्या अंगाला लावले, दुसरे गाडीच्या सांगाड्याला, जेथला रंग आणि गंज त्यांनी कानशीने घासून चकचकीत केला होता. मूळची तार पुन्हा जागेवर आली. काटा हलला आणि पाव टाकीवर जाऊन उभा राहिला. 'अर्थिंग गेलं होतं,' मिस्त्री म्हणाले.

मराठीच्या मास्तराला या शब्दाचा मोह न होईल तरच नवल. मोटारीत विजेला जायला तार असते, पण परत यायला गाडीचे लोखंडी अंगच असते. त्या अंगाशी संबंध सुटला, मध्ये गंजाचा किंवा रंगाचा पापुद्रा आला, की वर्तुळ पुरे होत नाही आणि काटा मुका होतो. हा शब्द इंग्रजांच्या जमिनीतून निघाला आणि आपल्याकडे येऊन थेट 'अर्था'ला भिडला. अर्थिंग गेले की अर्थ गेला! आमच्या व्यवसायातही हेच पाहतो. ज्या वाक्याचा जमिनीशी संबंध सुटतो, त्याचा काटा कितीही जोरात हलवला तरी त्यातून काही कळत नाही.

मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. हललेला काटा खरे बोलेलच असे नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी पुरती रिकामी करून घेतली आणि मापाने पाच-पाच लिटर पेट्रोल ओतत प्रत्येक वेळी काटा कोठे उभा राहतो ते एका पुठ्ठ्यावर लिहिले. काटा थोडा लबाडीने वरचढ दाखवत होता. तेव्हा टाकीतले यंत्र बाहेर काढून त्यांनी डब्याची दांडी किंचित वाकवली आणि पुन्हा मोजले. डबा कानाशी धरून हलवूनही पाहिला. पितळी डब्याला सुईच्या टोकाएवढे भोक पडले, तर आत पेट्रोल शिरते, डबा जड होतो आणि टाकी भरलेली असूनही बुडून बसतो. आत खळखळ ऐकू आली तर तो गरम पाण्यात बुडवायचा. बुडबुडे निघतील तेथे भोक. मग आतले सारे पेट्रोल काढून, पुरता वाळवून, तापल्या खिळ्याने डाख द्यायचा. उघड्या ज्योतीला त्याच्याजवळ येऊ द्यायचे नाही. अण्णांचा डबा निकोप निघाला. प्लॅस्टिकचा डबा मात्र त्याच संध्याकाळी डिकीतून गेला आणि वहिनी मागच्या आसनावर बसून राजराजेश्वराच्या दर्शनाला गेल्या.

आता दुसरी गोष्ट. ती इतकी गोड नाही. पण या लेखाचा खरा मुद्दा तीत आहे.

बोरगाव मंजूकडे आमचे एक शेतकरी स्नेही आहेत. त्यांच्याकडे जुनी जीप होती. तिच्या उष्णतेच्या काट्याची जात निराळी. तिच्यात वीज नसते. इंजिनातल्या पाण्यात एक पितळी फुगा बसवलेला असतो. त्यात ईथरसारखा सहज वाफ होणारा द्रव. फुग्यातून केसासारखी पोकळ तांब्याची नळी निघून थेट काट्याच्या पाठीमागे जाते. पाणी तापले की द्रवाची वाफ होते, नळीतला दाब वाढतो आणि काट्यामागची वाकडी चपटी नळी थोडी सरळ होऊ पाहते. जत्रेत मुले फुंकतात ती कागदी पिपाणी आठवा. फुंकर घातली की गुंडाळी उलगडते, थांबली की पुन्हा गुंडाळते. फ्रान्समधल्या युजेन बूर्दों यांनी १८४९ साली या युक्तीचा एकाधिकार मिळवला आणि आजही गॅसच्या टाकीवर, बॉयलरवर, पंक्चर काढणाऱ्याच्या हवेच्या यंत्रावर तीच पिपाणी वाजते आहे. तेलाच्या दाबाचा जुना काटाही याच घराण्यातला.

एका दुरुस्तीच्या वेळी कोठल्याशा गॅरेजातल्या पोराला ही बारीक नळी आड आली. त्याने ती वायर समजून पकडीने तोडली आणि काम झाल्यावर, वायर जोडतात तशी, दोन्ही टोके पिळून वर काळी पट्टी गुंडाळून दिली. ईथर केव्हाच उडून गेले. पिपाणीत फुंकरच उरली नाही. काटा 'थंड'वर जाऊन बसला, तो कायमचा.

पेट्रोलच्या मुक्या काट्यात आणि या मुक्या काट्यात केवढा फरक आहे ते ध्यानात घ्या. अण्णांचा काटा मुका होऊन 'रिकामी' म्हणत होता. त्यामुळे अण्णा सावध होते; नको इतके सावध. स्नेह्यांच्या जीपचा काटा मुका होऊन 'सारे ठीक' म्हणत होता. उलट त्यांना वाटले, या दुरुस्तीनंतर इंजिन फारच थंड चालू लागले! मे महिन्यात घरच्या मंडळींना घेऊन ते परतवाड्यावरून चिखलदऱ्याला निघाले. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर. चढण लांब, ऊन समोरून, गाडीत माणसे सात. काटा 'थंड'वरच. अर्ध्या घाटात बॉनेटखालून वाफ उसळली तेव्हा इंजिनाचे डोके आणि धड यांच्यामधली गॅस्केट जळून गेलेली होती. माणसे सुखरूप राहिली, कारण घाईने रेडिएटरचे झाकण उघडू पाहणाऱ्या मुलाला आजीने दंडाला धरून मागे ओढले. उकळत्या रेडिएटरचे झाकण उघडले तर आतले पाणी तोंडावर कारंजासारखे येते. ते निवेपर्यंत सावलीत बसणे, हाच त्यावर उपाय.

म्हणून मी म्हणतो, वाईट बातमी देणारा बिघडलेला काटा त्रास देतो. चांगली बातमी देणारा बिघडलेला काटा घात करतो. आपली रीत मात्र उलटी. वाईट दाखवणाऱ्यावर आपण लगेच संशय घेतो, काचेवर बोटाने टिचक्या मारतो, 'याचे काही खरे नाही' म्हणतो. चांगले दाखवणाऱ्याला कोणी टिचकी मारत नाही. रक्तदाब जास्त निघाला की आपण यंत्र तपासायला सांगतो. नेमका निघाला की शंभर रुपये देऊन आनंदाने घरी येतो. डॅशबोर्ड हा शेवटी आपल्या स्वभावाचाच आरसा.

मग करावे काय? दर सहा महिन्यांनी चांगल्या बातमीचीही परीक्षा घ्यावी. इंजिन गार असताना सकाळी काटा कोठे आहे ते पाहावे. दहा-पंधरा मिनिटे चालवल्यावर तो वर सरकलाच पाहिजे. सरकला नाही, तर थंड इंजिनाचा आनंद मानू नये. शंका आली तर गार इंजिनातून फुगा सोडवून घ्यावा आणि स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या पातेल्यात पाणी तापवून त्यात धरावा. पाणी उकळू लागले की काटा शंभर अंशांच्या आसपास आला पाहिजे. विजेवर चालणाऱ्या काट्याचीही हीच परीक्षा. फक्त त्याची तार आणि लोखंडाशी असलेला संबंध कायम ठेवून. इंग्रजी घडणीच्या अनेक गाड्यांत पेट्रोलचा आणि उष्णतेचा काटा यांना एकाच लहानशा डबीतून वीज मिळते. दोन्ही काटे एकदम चढे बोलू लागले, तर दोघांनाही वेड लागले असे न समजता त्या डबीकडे पाहावे. आणि डॅशबोर्डाच्या पाठीमागे हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी. विशेषतः वीज येते-जाते दाखवणारा अँपिअरचा काटा असेल तर. कारण गाडीतली बहुतेक वीज त्याच्यातून वाहते. तिथला एक नट ढिला राहिला तर तो तापून आगीचे कारण होतो.

स्नेह्यांच्या जीपचा काटाही त्यांनी काढला नाही, हे त्यांचे मोठेपण. ही तुटलेली नळी जोडता येते. दुसऱ्या, निराळ्या काट्याचा धड फुगा नळीसकट घ्यायचा, तो बर्फ आणि मीठ यांच्यात पुरून ठेवायचा म्हणजे आतले ईथर वाफ होऊन पळत नाही, आणि तेवढ्या अवधीत दोन्ही नळ्यांची टोके लहानशा पितळी बाहीत घालून डाख द्यायचा. आंब्याच्या झाडावर कलम बांधतात, तसेच हे. ईथर ज्वालाग्राही असते, त्यामुळे हे काम जाणत्यानेच करावे. तो जाणता शोधण्यात स्नेह्यांचे तीन महिने गेले. चेहरा जुना, काटा जुना, रक्त तेवढे नवे. आणखी एक सावधगिरी सांगून ठेवतो. युद्धकाळातल्या काही यंत्रांच्या तबकडीवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे. चमक केव्हाच गेली तरी रेडियम जात नाही. असली तबकडी खरवडू नये, घासू नये, तिची काच उगाच उघडू नये.

राहिला वेगाचा काटा. हा सगळ्यांत नाटकी. चाकांबरोबर फिरणारी एक लांब वेटोळेदार तार, म्हणजे केबल, गिअरपेटीतून निघून डॅशबोर्डात येते आणि तेथे एक लोहचुंबक गरगर फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. आणि ॲल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, हे आपण शाळेत शिकलो. तरीही फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्यामागून वळू लागते. केसासारखी एक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जेथे उभा राहील तो आपला वेग. १९०२ साली ऑटो शुल्झे नावाच्या जर्मन गृहस्थांनी ही योजना आपल्या नावावर नोंदवली. काटा भुताने झपाटल्यासारखा नाचू लागला, तर बहुधा केबल कोरडी पडलेली असते. तिला ग्रीस द्यावे, पण वरच्या टोकाला कोरडे सोडावे. नाहीतर ग्रीस चढून वाटीत शिरते आणि नाचणारा काटा दारू प्यायल्यासारखा सुस्तावतो.

त्याचा खरेपणा तपासायला आमच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. अमरावती ते अकोला या महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा एक पदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम केला गेला. अशा सरळ रस्त्यावर काटा ६० वर स्थिर धरावा आणि शेजारी बसलेल्या माणसाने किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ घड्याळावर मोजावा. बरोबर साठ सेकंद लागले तर काटा खरा. चालवणाऱ्याने मात्र घड्याळाकडे पाहू नये. त्याने रस्त्याकडे आणि मूर्तिजापूरजवळ आडव्या येणाऱ्या म्हशींकडे पाहावे.

या वेगाच्या काट्याच्या पोटात आणखी एक गोष्ट असते : गाडी आजवर किती चालली ते सांगणारा आकडा. अण्णांच्या फियाटची केबल बऱ्याच वर्षांपूर्वी तुटली होती आणि आकडा ६१,४०८ वर थांबला होता. गाडी त्यानंतरही चालत राहिली. आकड्याला त्याची खबर नव्हती. मिस्त्रींनी नवी केबल घातली, यंत्र उघडून पुसले, आणि बंद करण्यापूर्वी सहज विचारले, 'आकडा किती ठेवू?'

प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता. अण्णांचे चिरंजीव पुण्याला असतात. जुन्या गाड्यांचा शौक असलेल्या एका गृहस्थांनी त्यांच्याकडे या फियाटबद्दल चौकशी केली होती. कमी चाललेली गाडी असेल तर ते चांगले पैसे द्यायला तयार होते. आकडा मागे फिरवला तर रक्कम वाढणार. निदान आहे तोच दाखवून, मधल्या वर्षांविषयी गप्प बसले तरी पुष्कळ. आणि मिस्त्रींच्या हाताला तर दोन मिनिटांचे काम. अण्णा काही बोलेनात. चहा घेऊन आलेल्या वहिनीच म्हणाल्या, 'मामाजींनी चालवली तेवढी त्यांची आहे. आकड्याला हात लावू नका. आणि मधली वर्षं बंद होता, हेसुद्धा त्या घेणाऱ्याला सांगा.'

काकांची एक वही आहे. गाडीत भरलेले प्रत्येक पेट्रोल त्यांनी तारीखवार तीत लिहून ठेवले आहे. त्या वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर अण्णांनी लिहिले की, आकडा इतक्यावर थांबला होता, मध्ये गाडी चालली पण मोजली गेली नाही, आणि अमुक तारखेपासून तो पुन्हा चालू झाला. खाली सही केली. पुण्याच्या गृहस्थांना हे सारे कळवले. त्यांचा पुन्हा निरोप आलेला नाही. चिरंजीव थोडे नाराज आहेत. गाडी अजून अकोल्यालाच आहे.

पुष्कळ नव्या मोटारींत आता काटे राहिलेले नाहीत; पडदा असतो, त्यावर चित्रे उमटतात, आणि इंजिनाचे काही बिनसले तर एक पिवळा दिवा लागतो. त्या दिव्यावर चिकटपट्टी लावून फिरणारे महाभाग मला ठाऊक आहेत. म्हणजे यंत्र बदलले तरी काटा काढण्याची हौस तशीच आहे. तेव्हा वाचकहो, या दिवाळीत घराची जळमटे काढताना पडवीतली ताडपत्रीही एकदा उचला. काटे मुके झाले असतील तर त्यांना उपटून फेकू नका. तार पाहा, जमिनीशी संबंध पाहा, टाकीतला डबा पाहा. आणि जो काटा कायम चांगलेच सांगतो, त्याला सगळ्यांत आधी टिचकी मारा.